गंगाराम हवालदाराचे रान

माणसाने रानात कसे जगावे हे शिकवणारा सरकारमान्य मास्तर आमच्या गावात होता, असे सांगितले की मालवणातली माणसेसुद्धा हसतात. रान आधी दाखवा, म्हणतात. त्यांचे काही चुकत नाही. आमच्याकडे ज्याला रान म्हणतात त्यातल्या एकेका झाडाला मालक आहे, मालकाला चुलतभाऊ आहे, आणि चुलतभावाला वकील आहे. अशा मुलखात वाट चुकलेला माणूस भुकेने मरणे कठीण. दुसऱ्याचा आंबा खाल्ला म्हणून कोर्टात खेटे घालून मरेल, ते वेगळे. तरीही चिनी लढाईनंतरची काही वर्षे गंगाराम धुरी, निवृत्त हवालदार, यांनी आमच्या गावात हे शिक्षण दिले. मी शाळेत चित्रकला शिकवत होतो, नवा होतो, अविवाहित होतो आणि हेडमास्तरांना नाही म्हणण्याची प्राज्ञा माझ्यात नव्हती, म्हणून दर वर्षी मुलांबरोबर मला पाठवत. त्यामुळे जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

गंगाराम महायुद्धात पलटणीत गेले आणि ब्रह्मदेशातून परत आले ते एक लोकरीचा कोट आणि एक कीर्ती घेऊन. कोट इथल्या उकाड्यात कामाचा नव्हता. कीर्ती मात्र वाढत गेली. जंगलात पलटणीपासून ते चुकले होते आणि पावसाळाभर एकटे जगले होते, एवढे खरे. पुढचे बाळा तेल्याच्या चहाच्या दुकानात तयार झाले. पहिल्या वर्षी गंगारामांनी झाडपाला खाल्ला, दुसऱ्या वर्षी साप खाल्ला, आणि पन्नास साल उजाडेपर्यंत त्यांनी वाघाच्या तोंडातून हरीण ओढून घेतले होते. गंगाराम समोर बसून चहा पीत असत आणि यातला शब्दही खोडून काढत नसत.

एकदा मी त्यांना एकटे गाठून खरे काय ते विचारले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"एक म्हातारी होती, गुरुजी. डोंगरात खोपटा तिचा. मी तिची लाकडां फोडी होतंय, ती माका भात घाली होती. पावस सरलो, पलटणीची माणसां इली, मी गेलंय."

"मग लोकांका ह्या सांगणात नाय कित्याक?"

"माका इचारता कोण?" ते म्हणाले. "तेंका म्हातारी नको, वाघ व्हयो."

चीनने हल्ला केला तेव्हा सगळ्या देशाला वाघ हवा झाला. मुलांना काटक करा, कठीण प्रसंगात तगून राहायला शिकवा, असे वरून शाळेला कळवण्यात आले. कोणी शिकवायचे ते कळवले नव्हते. हेडमास्तरांना गावात एकच माणूस आठवला, आणि गंगाराम हवालदार एका सकाळी मास्तर झाले.

पहिले शिबिर आम्ही अगदी प्रामाणिकपणे खऱ्या रानात नेले. म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, जिथे घर दिसत नाही तिथे. हवालदारांनी मुलांना करवंदाची जाळी दाखवली, पिकलेले कोणते, कच्चे कोणते हे समजावले, आणि पहिल्या मुलाने तोंडात करवंद टाकताच जाळीच्या पलीकडून हौसाबाई उभी राहिली.

"कोणाच्या परवानगीन खाल्ल्यात रे? ही जाळी आमच्या वाट्याची! उद्या ह्याच खाण्याचे साक्षीदार कोर्टात उभे करतलो माझो दीर!"

हवालदारांनी तिला देशावरच्या संकटाची कल्पना दिली. ती म्हणाली, संकट येवंदे, जाळी आमची. मग जांभळाखाली गेलो तर ते सामाईक निघाले, आणि सामाईक झाडाखाली तर सावलीलाही बसायची सोय नाही, कारण बसला तो कोणाच्या वतीने बसला हा प्रश्न येतो. दुपारपर्यंत मुले उपाशी आणि पाच घरची माणसे आमच्यावर चिडलेली. रानात जगण्याचा आमचा पहिला दिवस असा गेला.

शेवटी शिबिर वरच्या कोंडात न्यायचे ठरले. वरचा कोंड म्हणजे हवालदारांच्या घरामागे डोंगराच्या कुशीत असलेला जमिनीचा तुकडा. तिथे बारमाही पाझर होता आणि मधोमध एक थोराड फणस होता. हा कोंड त्यांचा की त्यांचे चुलतभाऊ भाई धुरी यांचा, याचा दावा दोघांच्या बापांनी लावला होता आणि मुलांनी तो भक्तीने पुढे चालवला होता. जमीन वादात असल्यामुळे दुसरे कोणी तिथे पाऊल टाकत नसे. आमच्या गावात निर्जन जागा हवी असेल तर दाव्यातली जमीन शोधावी. तिच्याइतका एकांत दुसरीकडे नाही.

कोंडात उपाशी मरायची भीती नव्हती. तिथे केळी होती, सुरण होता, अळू होते आणि फणसावर मिरीचे वेल चढवलेले होते. हे सगळे गंगारामांची बायको जानकी हिने लावलेले. नवरा पलटणीत असल्यापासून ती शेणखताची पाटी डोक्यावर घेऊन हा चढाव चढत होती आणि उन्हाळ्यात पाझराचे पाणी कळशीने घालत होती. खाली तिच्या चुलीवर माशाची कढी चढली की वास थेट कोंडात येई. हवालदार मुलांना सांगत असत की दिशा चुकली तर वारा कुठून येतो ते बघावे. मुलांनी ते फार लवकर आत्मसात केले. धडा संपायच्या आत एकेकजण वाऱ्याच्या दिशेने नाहीसा होई आणि परत येई तेव्हा त्याच्या हातांना बांगड्याच्या तिखलाचा वास येई.

शिबिराची सुरुवात गाऱ्हाण्याने, म्हणजे देवाला घातलेल्या साकड्याने होई. यात हवालदार तडजोड करत नसत. पाझराच्या काठी नारळ ठेवून, कोट अंगात घालून, ते त्या जागेच्या राखणदार देवाला हाक मारत:

"बा राखणदारा, ही शाळेची पोरां तुझ्या पायांकडे इली आसत. कोणाच्या पायात काटो मोडू नको, कोणाक सरपटणारा दिसू नको, वाट चुकात तेका वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुले एका दमात ओरडत.

तिसऱ्या वर्षी रत्नागिरीहून शिबिराची तपासणी करायला साहेब आले. खाकी चड्डीतल्या मुलांचा तो एकमुखी हुंकार ऐकून ते इतके खूश झाले की ही शिस्त कोणत्या पलटणीची, असे त्यांनी विचारले. हेडमास्तरांनी गंभीर चेहऱ्याने मराठा पलटणीची म्हणून सांगितले. राखणदाराने ते मनावर घेतले नसावे, कारण त्या दिवशी कोणालाच काटा मोडला नाही.

भाईंचे मात्र सांगायला हवे. शिबिराच्या प्रत्येक सकाळी भाई कोंडाच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी, येऊन उभे राहत. भाई हवालदारांपेक्षा थोडे मोठे. बायको वारलेली, मुलगा मुंबईला. घरात ते एकटेच. गडग्याला हात टेकून ते वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलत:

"माझ्या जमिनीत ही पोरां कोणी आणली? माझी हरकत आसा! सगळ्यांनी आयका, माझी हरकत आसा!"

वकिलाने सांगितले होते की हरकत घेतली नाही तर हक्क जातो, म्हणून घ्यायची. हरकत घेऊन झाली की त्यांचा आवाज एकदम खाली येई.

"चाय झाली काय रे, गंगाराम?"

"झाली. ये."

मग दोघे वादी-प्रतिवादी फणसाच्या मुळावर बसून चहा पीत. कोर्टाची तारीख असली की दोघे एकाच एसटीने मालवणला जात. जानकी भाकरी आणि सुकटीची चटणी एकाच फडक्यात बांधून देई आणि दोघे कोर्टाच्या आवारात एकाच पायरीवर बसून खात. पुकारा झाला की हात धुऊन एकमेकांवर खोटेपणाचे आरोप करायला आत जात. परक्या माणसाला हे विचित्र वाटेल. आम्हांला वाटत नसे.

साहेबांच्या भेटीनंतर हवालदार बदलले, हे मला आवडले नाही आणि मी तेव्हाही ते लपवले नाही. साहेबांनी भाषणात त्यांना 'अरण्यविद्येचे आचार्य' म्हटले. आमच्याकडच्या माणसाला एवढा मोठा शब्द द्यायचा नसतो. तो उतरत नाही. हवालदार मे महिन्यात कोट घालून हिंडू लागले. वाटेत भेटले की वारा हुंगून दाखवत. आणि पुढच्या वर्षी साहेब पुन्हा येणार म्हटल्यावर त्यांनी कोंडाचे रान करायला घेतले. केळींच्या पुढे तोडलेल्या फांद्या उभ्या करून त्यांनी केळी झाकल्या. आळी बुजवली. मिरीच्या वेलांच्या बुंध्याशी जानकीने रचलेले दगड उचलून टाकले, कारण रानात कोणी दगड रचत नाही. आठवडाभर पाणी घालायचे नाही, असे त्यांनी घरात बजावले.

जानकी कोंडात आली तेव्हा मी तिथे होतो. तिने बुजवलेली आळी बघितली, खाली वाकून एका वेलाचे पान दोन बोटांत धरून बघितले.

"ह्या कोणी केल्यान?"

"सायब येतलो, गो. तेका रान दिसाक व्हया."

"तेका दिसाक व्हया म्हणान माझे वेल सुकवतलात?" एवढेच बोलून ती कळशी घेऊन खाली गेली. मला तिच्यासमोर फार लाज वाटली. नवऱ्याला वाटली की नाही, ते कोटामुळे कळले नाही.

साहेब आले, दाट रान बघून गेले, आणि हवालदारांचे नाव जिल्ह्यात झाले. इथपर्यंत सगळे हसण्यावारी होते. पण भाईंचा वकील झोपलेला नव्हता.

दाव्यात हवालदारांची बाजू एकाच गोष्टीवर उभी होती. कोंड आमचा, कारण आम्ही तिथे बागायत करतो, अशी त्यांची कैफियत होती. आता त्यांची उलटतपासणी लागली, आणि त्यांच्या स्वतःच्या वकिलाने त्यांना माझ्यादेखत घरी बसवून समजावले की समोरचा एकच प्रश्न विचारणार आहे. कोंड बागायत आहे की रान? बागायत म्हणालात तर जमीन राहील, पण सरकारला परसात रान दाखवलेत हे जगजाहीर होईल आणि मास्तरकी जाईल. रान म्हणालात तर मास्तरकी राहील, जमीन जाईल. "दोन्ही राखता येणार नाही, हवालदार," वकील म्हणाले.

जानकी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. वकील गेल्यावर तिने सूप खाली ठेवले.

"शेणखत डोक्यार घेऊन मी चढलंय. पोटात पोर आसताना चढलंय. तुमी थंय रान आसा म्हणात, तर मगे मी कोण? रानातली वांदरीण?"

"मी काय तसा म्हणतलंय?" हवालदार म्हणाले. ते खरेच तसे म्हणणार नव्हते, हे मी आजही मानतो. बायकोला ते भीत होते आणि त्यांची तिच्यावर मायाही होती.

पण हेडमास्तरांनी त्या दिवशी घोळ घातला. आपल्या मास्तरांची कोर्टात साक्ष आहे, म्हणजे काहीतरी गौरवाचा प्रसंग असणार, असे समजून त्यांनी शिबिरातल्या मुलांना खाकी कपड्यांत मालवणला नेले. सगळी मुले कोर्टाच्या खिडक्यांना लोंबकळत होती. भाई आणि हवालदार नेहमीप्रमाणे पायरीवर भाकरी खाऊन आत गेले. जानकीही आली होती. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. कोर्टात ती पहिल्यांदाच येत होती.

भाईंच्या वकिलाने आवाज मऊ ठेवला. "हवालदार, आपण मुलांना जगायला कुठे शिकवता?"

"रानात."

"कोणत्या रानात?"

"वरच्या कोंडात."

"म्हणजे ज्या जमिनीत आपण बागायत केल्याचे कैफियतीत लिहिले आहे, तिथेच. मग शपथेवर सांगा, ती जागा बागायत आहे की रान?"

हवालदारांनी मागे भिंतीकडे बघितले. मग खिडकीकडे बघितले. मुलांचे चेहरे गजांना चिकटले होते. त्यांना दाव्यातले काही कळत नव्हते. आपल्या गुरुजींना कोणीतरी खोटे पाडू बघते आहे, एवढेच त्यांना कळत होते. हवालदारांची मान ताठ झाली.

"रान," ते म्हणाले. "साहेब, दाट रान."

दाट की विरळ हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

परत येताना एसटीत जानकी पुढे बायकांत बसली. निकाल लागला तो कोणाच्याच बाजूने लागला नाही. भाईंना आपली वहिवाट दाखवता आली नाही, आणि प्रतिवादी स्वतःच जागेला रान म्हणतो, तेव्हा दावा फेटाळला. बाकीचे काम जंगलखात्याने केले. इतकी वर्षे ज्या तुकड्याकडे त्यांचे लक्षही नव्हते, त्याला शपथेवर दाट रान ठरवले म्हटल्यावर ते आले, त्यांनी चारी कोपऱ्यांत दगड पुरले आणि आत जायला मनाई केली. शाळेने शिबिरासाठी परवानगी मागितली तेव्हा राखीव जंगलात मुलांना ठेवता येणार नाही, तिथे धोका असतो, असे उत्तर आले. शिवाय चीनची भीतीही तोपर्यंत जुनी झाली होती. मास्तरकी राखायला जमीन दिली, आणि मास्तरकी त्याच वाटेने गेली. हवालदारांची कीव करावी की त्यांना चार शब्द सुनवावेत, हे मला ठरवता येईना. मी दोन्ही केले नाही.

जानकी घरात काम करी, जेवण वाढी, पण नवऱ्याशी बोलेना. सवयीने कळशी घेऊन मागच्या दारापर्यंत जाई आणि तिथून परत फिरे. मनाईच्या पलीकडे तिचे वेल उन्हात पिवळे पडत होते ते तिला दारातून दिसत.

शिबिराची भांडी हवालदारांकडे राहिली होती. ती आणायला मी एका सकाळी गेलो तर हवालदार घरापुढच्या खळ्यात बाजेवर बसले होते, उघडे. कोट दांडीवर वाळत टाकलेला. मी टोप मोजत असताना भाई आले. तारीख नसल्यामुळे दोघांची भेट कित्येक दिवसांत झाली नव्हती. गडगा आता सरकारचा, तेव्हा हरकत घ्यायलाही जागा उरली नव्हती. भाई वाळले होते. ते बाजेच्या टोकाला बसले.

"घरात बोलाक कोण नाय रे," ते म्हणाले. "आधी तुका शिव्या तरी घालूक येय होतंय. मालवणाक तरी जाय होतंय. आता सकाळी उठान करू काय?"

हवालदारांनी पुढे सरकवलेला पानाचा डबा भाईंनी तसाच मागे सारला.

"अपील करूचा म्हणतंय. तुझ्यार."

"कर."

"वकील म्हणता, तसा उभ्या रवाचा नाय. तू थंय रान म्हणालंस तां खोटा, असा तू लिवन देवक व्हया. मगेच सरकारचे दगड हलतले. मगे आपण आसवच, तू नि मी."

"म्हणजे रानमास्तर गेलो."

"गेलो. साऱ्या जिल्ह्यात गेलो. लोक हसतले, ता सांगतंय आधीच."

भाईंच्या आवाजात कावा नव्हता. भांडायला माणूस हवा म्हणून हा माणूस चुलतभावाच्या दारात आला होता, आणि त्यासाठी तो चुलतभावाचे नाक मागत होता. जानकी सूप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. सुपात धान्य नव्हते.

हवालदारांनी तिच्याकडे बघितले. ते बाजेवरून उठले आणि साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो तसे खळ्याच्या मधोमध उभे राहिले. मी त्यांना कोटाशिवाय इतके सरळ उभे राहिलेले कधी बघितले नव्हते.

"थंय रान नव्हता," ते म्हणाले. "कधीच नव्हता. केळी तिच्या. वेल तिचे. पाणी तिना घातल्यान. मी पोरांका थंय बसवलंय नि फुकट मोठो झालंय."

भाई जमिनीकडे बघत होते. जानकीने सूप दाराला टेकवून ठेवले, पदर तोंडाला लावला आणि काढला.

"परत सांगा," ती म्हणाली.

हवालदारांनी परत सांगितले.